पाळी म्हणजे विटाळ नव्हे : आई-लेकींसाठी एक पाठ



गेल्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहारात मला आरोग्यावर बोलायला बोलावले होते. विषय ठरला होता मलेरिया आणि डेंग्यू. पाऊस चालू होता. आत ग्रंथवाचन सुरू होते आणि बाहेर पायरीवर, पत्र्याच्या वळचणीला, सातवीतली एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. अर्धी भिजलेली.

"आत का येत नाहीस गं?" मी विचारले.

"मला चालत नाही, ताई."

"का?"

तिने मान खाली घातली. उत्तर आतून तिच्या आजीने दिले, "राहू द्या सिस्टर, कावळा शिवलाय तिला." दोन-चार बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मुलीचे डोळे भरून आले.

आजी ज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्याच भिंतीवर महाडच्या चवदार तळ्याचे चित्र होते. बाबासाहेब ओंजळीने पाणी घेत आहेत, हे चित्र तुमच्याही विहारात असेल. मी त्या दिवशी डासांचा विषय बाजूला ठेवला. मुलीला आत आणून माझ्याशेजारी बसवले आणि पाळीवर बोलले. त्या दिवशी जे बोलले आणि बायांनी जे विचारले, ते या पाठात लिहीत आहे. घरात मोठ्याने वाचावा. मुलींनी वाचावा आणि मुलांनीही वाचावा.

पाळी म्हणजे काय?

बाईच्या ओटीपोटात एक पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. आकाराने ती साधारण मुठीएवढी असते. तिच्या दोन बाजूंना दोन बीजाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजाशयात बीजे असतात, पण ती झोपलेली असतात. वय साधारण नऊ-दहाच्या पुढे गेले की मेंदूकडून संदेश जातो, शरीरात संप्रेरके, म्हणजे हार्मोन, तयार होऊ लागतात. छाती वाढते, काखेत आणि जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. बहुतेक मुलींना ती ११ ते १४ वर्षांच्या दरम्यान येते. कुणाला १० व्या वर्षी, कुणाला १५ व्या वर्षी. दोन्ही ठीकच.

दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. गर्भ राहिलाच तर त्याला मऊ जागा मिळावी म्हणून गर्भाशयाच्या आतून रक्ताचे आणि पेशींचे अस्तर तयार होते. जणू बाळासाठी अंथरलेली गोधडीच. गर्भ राहिला नाही की त्या अस्तराची गरज उरत नाही. ते सुटते आणि रक्तावाटे योनीमार्गातून बाहेर पडते. हीच पाळी. मग पुढच्या महिन्यासाठी नवे अस्तर तयार होऊ लागते.

आता तुम्हीच सांगा, यात घाण काय आहे? हे रक्त म्हणजे शरीरात साठलेली घाण बाहेर पडते, असे बऱ्याच बाया मानतात. ते चुकीचे आहे. आपण सगळे नऊ महिने ज्या अस्तरावर वाढलो, तेच हे अस्तर.

मोजमाप लक्षात ठेवा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे. मोठ्या बाईत हे अंतर २१ ते ३५ दिवसांचे असते. नव्याने पाळी आलेल्या मुलींत ते ४५ दिवसांपर्यंतही जाते आणि पहिली दोन-तीन वर्षे मागेपुढे होते. रक्तस्राव २ ते ७ दिवस चालतो. एका पाळीत जाणारे रक्त साधारण ३० ते ८० मिलिलिटर असते, म्हणजे चहाच्या कटिंगच्या ग्लासातही सहज मावेल इतके. कपड्यावर पसरते म्हणून जास्त वाटते.

विटाळ हा शब्द आपल्या घरात कसा?

पाळीला आपल्याकडे किती नावे आहेत बघा. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, शिवायचे नाही. सगळी नावे लपवणारी. आणि त्यांच्या मुळाशी एकच शब्द आहे, विटाळ.

हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना याच शब्दाने पाणवठ्यापासून दूर ठेवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर स्पृश्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. आता आपल्याच काही घरांत काय होते ते आठवा. चौथ्या दिवशी मुलीचे अंथरूण धुऊन घरात गोमूत्र शिंपडतात. तळ्याला केले तेच आपण लेकीला करतो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही हे आपल्याला पटले आहे. मग लेकीच्या स्पर्शाने माठ कसा बाटेल?

सर्वोच्च न्यायालयातही हा मुद्दा आला आहे. शबरीमला प्रकरणाच्या २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले की, पाळीमुळे बाईला वगळणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे आणि संविधानाच्या १७ व्या कलमाला तो मान्य नाही. पुढे त्या प्रकरणातले प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले. पण १७ वे कलम काय आहे, हे आपल्या घरांना कुणी सांगायला नको. न्यायमूर्तींना ते कलम बाईच्या चार दिवसांत दिसले. आपल्याला आपल्या घरात दिसायला हवे.

"आमच्या वेळी तेवढाच आराम मिळायचा," असे आज्या म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. दिवसभर मजुरी, मग चूल, मग पाणी. त्यात चार दिवस कोपऱ्यात बसायला मिळाले तर बाईला बरेच वाटणार. पण आराम मिळावा म्हणून आधी अपवित्र ठरावे लागते, ही अट कशाला? कंबर दुखते आहे, आज तू झोप, भाकरी मी टाकते, एवढे म्हणणे पुरे आहे. आराम द्या, बहिष्कार नको.

बुद्धांनी काय सांगितले?

विहारात मुलीने येऊ नये, वंदना म्हणू नये, मूर्तीला फूल वाहू नये, हे आपण जुन्या धर्मातून उचलून आणले आहे. बौद्ध धम्मात याला आधार नाही.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खुणींचे प्रकरण आहे. पाळीच्या दिवसांत भिक्खुणींच्या बसण्याच्या जागांना डाग लागत, तेव्हा काय करावे हा प्रश्न आला. बुद्धांनी त्यासाठी कापड वापरायला परवानगी दिली आणि ते जागेवर राहावे म्हणून कमरेला दोरी बांधायलाही परवानगी दिली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी पाळीकडे स्वच्छतेचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून पाहिले. संयुक्त निकायात बायकांच्या वाट्याला येणारी पाच दुःखे सांगितली आहेत. लहान वयात माहेर सोडावे लागणे, पाळी, गरोदरपण, बाळंतपण आणि पुरुषाची सेवा करावी लागणे. पाळी तिथे दुःखांत मोजली आहे, पापात नाही. दुःख असेल तिथे करुणा करायची असते.

परंपरेने चालत आले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, ती तपासून पाहा, हे कालामांना सांगणारे तथागत आपले शास्ते आहेत. तेव्हा मुलीने पाळीत त्रिसरण-पंचशील घ्यावे, परित्राण पाठाला बसावे, विहार झाडावा, ग्रंथ हातात घेऊन वाचावा. दीक्षाभूमीला जावे, चैत्यभूमीला जावे. काहीही बाटत नाही.

मुलीला कधी आणि कसे सांगावे?

पहिली पाळी येण्याआधी सांगावे. हा या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली, छाती थोडी वाढू लागली की आईने, मावशीने किंवा मोठ्या बहिणीने एकदा निवांत बसून बोलावे. आधी न कळलेल्या मुलीला पहिल्यांदा रक्त दिसते तेव्हा तिला वाटते, आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला, आपण आता मरणार. शाळेत बाकावर डाग पडला आणि मुले हसली, तर ती दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही. दर महिन्याला चार दिवस शाळा बुडाली की अभ्यास मागे पडतो आणि मग शाळाच सुटते.

शब्द सुचत नसतील तर असे बोला :

"बाळा, तू आता मोठी होते आहेस. काही महिन्यांनी किंवा एखाद-दोन वर्षांनी तुझ्या चड्डीला रक्ताचा डाग दिसेल. घाबरायचे नाही. मला येते, तुझ्या मावशीला येते, तुझ्या बाईंनाही येते. त्याला पाळी म्हणतात. हे बघ पॅड, ते असे लावायचे. एक तुझ्या दप्तरात ठेवू. शाळेत आली तर बाईंना सांग. पोटात दुखले तर मला सांग. आणि तुझ्या अंगाला तुझ्या मर्जीशिवाय कुणी हात लावला, तर तो घरातला असला तरी मला सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही."

शेवटचे वाक्य वगळू नका. कुणी मुलीला त्रास देत असेल आणि घरात बोलायची सोय नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर तिला पाठ असू द्या.

एक धोक्याची सूचना. मुलगी शहाणी झाली, न्हाती-धुती झाली की नातेवाईक स्थळे सुचवू लागतात. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाला किंवा बाळंतपणाला तयार झाली, असे अजिबात नाही. तिची हाडे आणि कंबर अजून वाढत असते. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांसमोर सांगितले होते की, समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, हेही त्याच भाषणात सांगितले होते.

कापड, पॅड आणि स्वच्छता

काय वापरायचे हे खिशावर आणि पाण्याच्या सोयीवर ठरते. कापड वाईट आणि पॅड चांगले, असे नाही. कोणतीही गोष्ट अस्वच्छ वापरली की वाईट.

कापड वापरत असाल तर ते मऊ सुती असावे. नायलॉनच्या साडीचे तुकडे नकोत, ते रक्त शोषत नाहीत. वापरलेले कापड आधी थंड पाण्यात भिजवावे, मग साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. इथेच आपली चूक होते. कुणाला दिसू नये म्हणून आपण ते साडीच्या आत, मोरीत, पलंगाखाली वाळत घालतो. ते दमट राहते, त्यात जंतू वाढतात, मग खाज येते, फोड येतात, जखमा होतात. ऊन फुकटचे औषध आहे. लाजेपायी ते सोडू नका. पावसाळ्यात वाळत नसेल तर इस्त्री फिरवा. प्रत्येकीचे कापड वेगळे असावे आणि काही महिन्यांनी ते बदलावे.

पॅड असेल तर चार ते सहा तासांनी बदलावा, भरलेला नसला तरी. पैसे वाचवायला एक पॅड सकाळपासून रात्रीपर्यंत ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याने जांघा सोलवटतात. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक या भावाने दिले जात आहेत. दुकानातल्या महागड्या पाकिटाआधी तिथे चौकशी करा. आशाताईलाही विचारा, तिच्याकडे स्वस्त पॅड येतात. मासिक पाळीचा कप हाही एक मार्ग आहे. तो आत घालायचा असतो, १२ तासांपर्यंत चालतो, उकळून पुन्हा वापरता येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. मोठ्या बायांनी आधी समजून घेऊन वापरून पाहायला हरकत नाही.

अंघोळ रोज करावी, पहिल्या दिवशीही करावी. डोके धुतले तरी चालते. अंग बाहेरून साध्या पाण्याने धुवावे, हात पुढून मागे न्यावा. आत साबण किंवा डेटॉल घालू नये.

शौचालय आणि कचरा

आपल्या वस्त्यांत निम्मा प्रश्न शौचालयाचा आहे. सार्वजनिक शौचालयाला कडी नसते, दिवा नसतो, पाणी नसते, रात्री कुलूप असते. म्हणून मुली पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्याने लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. हे मुलीने सहन करायचे नसते, मंडळाने मागायचे असते. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण वॉर्ड ऑफिसला किती फेऱ्या मारतो? तशाच दोन फेऱ्या शौचालयाची कडी, दिवा, पाणी आणि झाकणाचा डबा यांसाठी मारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

वापरलेला पॅड शौचालयात टाकू नका, तुंबते. उघड्यावर किंवा नाल्यातही नको. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर पेनाने लाल ठिपका काढा आणि सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत सांगितली. कारण तो कचरा हाताने वेगळा करणारी बाई बहुतेक वेळा आपलीच मावशी किंवा काकू असते. आपली लाज तिच्या हाताला लागू नये.

रक्त कमी असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. दम लागणे, चक्कर, अभ्यासात लक्ष न लागणे, माती-खडू खावासा वाटणे, पापणीच्या आत पांढरेपणा, ही त्याची लक्षणे. पाळी जास्त जात असेल तर रक्त आणखी घटते.

महाग टॉनिक नको. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा, मोड आलेली मटकी, अळीव, नाचणीची भाकरी ताटात येऊ द्या. खात असाल तर अंडी, कलेजी, सुकट, मासे फार चांगले. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा पिऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. तासाभराने प्या. आणि मटणाचे चांगले तुकडे आधी पुरुषांना, मग मुलांना, उरलेला रस्सा मुलीला, ही वाढायची रीत बदला.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. ती लोहाची गोळी आहे. पुष्कळ मुली ती फेकून देतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्या. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, तीही घ्या. विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. सिकलसेलचा आजार तिथे आपल्या समाजातही आढळतो. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे वारंवार दुखत असतील, तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या.

डॉक्टरकडे कधी जायचे?

पोटात थोडे दुखणे, कंबर भरून येणे, चिडचिड होणे हे नेहमीचे आहे. गरम पाण्याची पिशवी, थोडे चालणे, पुरेशी झोप यांनी बरे वाटते. पण पुढीलपैकी काही असेल तर दवाखाना गाठा :

- सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाते, किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भरतो, किंवा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात.
- दुखणे इतके की दर महिन्याला शाळा बुडते.
- १५ वर्षे पूर्ण झाली तरी पाळी नाही, किंवा १३ वर्षांपर्यंत छातीची वाढच नाही.
- आठ वर्षांच्या आतच छाती वाढू लागली.
- सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही.
- अंगावरून पांढरे जाते, त्याला घाण वास येतो, खाज सुटते, ताप येतो.

मुलीची तपासणी म्हटली की आईला भीती वाटते. बहुतेक वेळा विचारपूस, रक्ततपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी एवढ्यावर भागते. लेडी डॉक्टर मागण्याचा आणि तपासताना आईने जवळ थांबण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पिशवी काढण्याची घाई नको

हे मोठ्या बायांसाठी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची हकिकत तुमच्या कानावर असेल. कोयत्यावर गेलेल्या बाईने एक दिवस काम चुकवले की खाडा लागतो, पैसे कापले जातात. पाळीत ना पाणी, ना शौचालय, ना सुट्टी. अंगावरून जास्त जाते म्हणून दवाखान्यात गेले तर काही ठिकाणी थेट पिशवी काढून टाका असे सांगितले गेले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यात पुष्कळ जणी तरुण होत्या.

पाळीची कटकट मिटावी म्हणून पिशवी काढायची नसते. लवकर काढली की हाडे ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा येतात, पाठ धरते. आधी गोळ्यांचे उपचार असतात. कुणी शस्त्रक्रिया सांगितली तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या, मगच ठरवा. जिने पाळी लाजेपायी लपवली, तिला प्रश्न विचारता येत नाहीत. आणि जिला प्रश्न विचारता येत नाहीत, तिची पिशवी सहज काढली जाते.

बापांनो आणि भावांनो

हा विषय बायकांचा म्हणून पान उलटू नका. घरात आई नसेल, कामावर असेल, तर मुलीला पॅड कोण आणून देणार? बापाने महिन्याच्या किराणात साबण-तेलासारखे पॅड लिहावे. दुकानदार काळ्या पिशवीत गुंडाळू लागला तर सांगावे, "असू द्या, चोरीचा माल नाही." भावाने डाग पाहून हसू नये, आपला शर्ट कमरेला बांधायला द्यावा. एवढे केले तरी घरातली अर्धी भीती जाते.

बायांनी विचारलेले काही प्रश्न

पाळीत हात लावला की लोणचे नासते का? नाही. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, मीठ-तेल कमी पडल्याने. पटत नसेल तर दोन बरण्या भरा. एकीला पाळीत हात लावा, दुसरीला नको. महिन्याने दोन्ही उघडा.

दही, पपई, आंबट चालते का? सगळे चालते.

मुलीने कबड्डी खेळावी का? खेळावी. हालचालीने दुखणे कमी होते.

लग्न, पुण्यानुमोदन किंवा जयंती आली म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्याव्यात का? घेऊ नयेत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अशा गोळ्यांनी पुढची पाळी बिघडू शकते आणि काही बायांना त्या धोक्याच्या असतात. मुळात आपल्या कोणत्याही मंगल कार्यात पाळीची आडकाठी नाही, मग गोळी कशासाठी?

गावाकडे सासूबाई ऐकत नाहीत, काय करू? भांडू नका. त्यांनी ते सोसलेले आहे. त्यांना त्यांच्या पहिल्या पाळीची आठवण विचारा. कुठे झोपायला लावले, काय पांघरायला दिले, कुणी जेवण सरकवले, ते त्यांना सांगू द्या. मग विचारा, नातीला तसेच करायचे का?

शेवटचे दोन शब्द

१८५५ मध्ये सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मातंग मुलीने निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, त्यांना डोक्यावर छप्परही मिळत नाही, हे तिने त्यात धीटपणे मांडले. बाईच्या शरीराचे दुःख आपल्या मुलीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून दाखवले. आपल्याला आज ते घरात नुसते बोलायचे आहे.

प्रत्येक विहाराने एवढे करावे. रविवारच्या धम्मवर्गात महिन्यातून एकदा मुलींना या विषयावर बोलते करावे, आशाताई किंवा नर्सला बोलवावे. विहारात एका डब्यात पॅड आणि साबण ठेवावा. आणि दारात कोणी मुलगी बसलेली दिसली तर तिला हात धरून आत न्यावे.

त्या दिवशी बोलणे संपल्यावर आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्हांला कुणी सांगितलंच नाही ना, बाई." उठताना त्यांनी नातीच्या हाती मेणबत्ती दिली आणि म्हणाल्या, "जा, लाव." मुलीने बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली, आणि तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.